उणे चाळीस अंश

प्रिय बंड्या,

शिव्या नंतर घाल, आधी ऐक. तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही, फोनही केला नाही, सगळं कबूल. पण आता गाडीचा इंजिनवाला पिवळा दिवा लागलाय आणि घरात त्यावर बोलायला माणूस उरलेला नाही. हिने ‘सेन्सर’ या शब्दावर बंदी घातली आहे. माझी पाठ आहे तशीच आहे, बाकी सगळे ठीक.

झालं असं की एअर फिल्टर बदलला. त्यात काय विशेष, म्हणशील. फिल्टरच्या डब्याचं झाकण उचलायला हवा मोजणाऱ्या सेन्सरचा प्लग काढावा लागतो. तो काढला, फिल्टर बसवला, प्लग परत लावला, ‘टक्’ आवाजही ऐकला. गाडी छान चालली. दुसऱ्या दिवशी दिवा. स्कॅनर लावला तर दोषाचा कोड पी०११३, म्हणजे आत येणाऱ्या हवेचं तापमान सांगणाऱ्या सर्किटमध्ये व्होल्टेज जास्त. भाऊजींनी लगेच निदान केलं, ‘‘हवा तापतेय, सेन्सर गेला, बदलून टाक.’’ अरे, व्होल्टेज जास्त म्हणजे हवा थंड! इंजिन गरम झालेलं, बाहेर ऊन, आणि स्क्रीनवर हवेचं तापमान उणे ४० अंश! भाऊजींनी विचारलं, सेल्सिअस की फॅरनहाइट? म्हटलं, कुठलंही घ्या, उणे चाळीसला दोन्ही सारखेच. त्यांना वाटलं मी थट्टा करतोय.

तुला वेगळं सांगायला नको, पण लिहिताना मलाच बरं वाटतंय. तो तापमानाचा सेन्सर, त्याच प्लगवरचा, म्हणजे साधा थर्मिस्टर, हवा तापली की रोध कमी. ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, पाच व्होल्ट पाठवतो आणि त्यातले किती उरले त्यावरून तापमान ठरवतो. वायर कुठे तुटली की पाचच्या पाच व्होल्ट तसेच राहतात, आणि ईसीयूला वाटतं आपण बर्फात उभे आहोत. म्हणजे उणे चाळीस हा आकडा हवेचा नाहीच, सर्किट उघडं पडल्याचा आहे. कोड सर्किटचं नाव घेतो, पार्टचं नाही. हे मी भाऊजींना सांगितलं, आणि तुला ठाऊक आहे, त्यांना काही सांगणं म्हणजे काय ते.

मग मीटर काढला. सेन्सरच्या दोन पिनांमध्ये अडीच किलोओहमच्या आसपास, हेअर ड्रायरची गरम हवा सोडली तर आकडा सरळ खाली येत गेला, कुठे उडी नाही. सेन्सर ठणठणीत. प्लगच्या बाजूला किल्ली ऑन करून पाहिलं, पाच व्होल्ट हजर, अर्थिंगही ठीक. सर्किटचा नकाशा बघून त्याच दोन पिनांमध्ये तारेचा तुकडा टाकला, तर स्क्रीनवरचं तापमान उलट टोकाला गेलं, शंभरच्या कितीतरी वर. म्हणजे ईसीयूपर्यंतचा रस्ताही मोकळा. सगळं ठीक, आणि दिवा जळतोय!

इथे मला तू आठवलास. त्या मोटारसायकलची कॉइल तू बदललीस, आणि दोष निघाला कॉइलमागच्या वायरीत. तू अजून म्हणतोस की कॉइलही खराब होती. नव्हती, बंड्या. पण तेव्हा गाडी चालू ठेवून वायरिंग हलवून बघायची युक्ती तूच शिकवलीस, हे मी आज मान्य करतो (लेखी आहे, जपून ठेव). तसंच केलं. गाडी चालू, मोबाइलवर आलेख, आणि मी प्लगजवळचा वायरचा गठ्ठा हळू हळू हलवतोय. एका जागी ३४ वरून थेट उणे ४०, आणि सोडलं की परत ३४. मी इतक्या जोरात ओरडलो की शेजारी बाहेर आले.

प्लग उलटा करून पाहिला. पाच पिनांपैकी एक मागे सरकलेली. तिला धरून ठेवणारा बारीक काटा झिजलाय. प्लग लावताना समोरच्या पिनेने हिला मागे ढकललं, म्हणून ‘टक्’ ऐकू आला तरी टोक टोकाला नीट भिडलंच नाही. खड्डा आला की संपर्क तुटायचा.

पिन पुढे ढकलून बसवलीय, आकडा आता स्थिर आहे. पण माझा जीव त्या काट्यात अडकलाय. पुन्हा सरकणार नाही कशावरून? आणि बाकीच्या चारांत हवा मोजणाऱ्या वायरीही आहेत, त्यातली एखादी सुटली तर गाडी चौकात बंद पडू शकते. कोड मी अजून पुसलेला नाही. पुसला तर दोष नोंदला तेव्हाचा वेग, आरपीएम, कूलंटचं तापमान, सगळं जाईल. लागोपाठ तीन फेऱ्या निर्दोष झाल्या की दिवा आपोआप विझेल, कोड मात्र बराच काळ आत राहतो. हिला वाटतं की स्कॅनरने पुसलं म्हणजे दुरुस्त झालं. भाऊजींनाही.

आता प्रश्न तुला. नुसती पिन बदलू की वायरींसकट अख्खा प्लग? तू म्हणशील सोल्डर कर. मी करणार नाही. सोल्डर वायरीत वर चढतो, तिथे वायर कडक होते आणि थरथरीने नेमकी त्याच जागी तुटते. क्रिंपच हवं, पिन वायरीवर दाबून बसवलेली. यावर आपण पूर्वीही तीन दिवस बोललो नव्हतो, पुन्हा नको.

आईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन कसं झालं? तुझी नवी नोकरी, पोरीची परीक्षा, सगळं विचारायचं होतं, कागद संपत आला. एकेका ओळीत तरी कळव. आणि येशील तेव्हा क्रिंपर आण. तो मुळात माझाच आहे.

तुझा,
नान्या