गाठ तपासल्याशिवाय प्रथिनाचे मॉडेल खरे मानू नये

संपादक महोदय,

2024 चे रसायनशास्त्राचे नोबेल प्रथिनांच्या रचनेवरील कामाला मिळाले, तेव्हापासून संगणकाने काढलेली प्रथिनांची रंगीत चित्रे वर्तमानपत्रांत आणि विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत सर्रास दिसतात. मॉडेल बरोबर कशावरून, असे विचारले की उत्तर येते, ‘रामचंद्रन आलेखात बसते.’ जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1963 मध्ये मद्रासहून दिलेला तो आलेख आजही पहिली चाळणी आहेच. पण प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी, आणि तो आलेख एकेका अमिनो आम्लाजवळचे दोन कोन पाहतो. साखळीचा एक पदर दुसऱ्याच्या वरून गेला की खालून, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी टोपॉलॉजीच, म्हणजे गाठी आणि वेटोळ्यांचे गणितच, हवी.

सुईतल्या दोऱ्याच्या टोकाला मारतात ती साधी निरगाठ काही प्रथिनांत खरोखर असते. जिवाणूंमधील टीआरएमडी या विकराचा मदतनीस रेणू ‘सॅम’ त्या गाठीतच वाकून बसतो. माणसात हेच काम करणाऱ्या विकराला अशी गाठ नाही, म्हणून प्रतिजैविकांचे संशोधक टीआरएमडीकडे लक्ष्य म्हणून पाहतात. मॉडेलमध्ये गाठ सुटली तर औषध बसायची खोबणच चुकली.

तपासणी घरच्या संगणकावर होते. प्रत्येक अमिनो आम्लाच्या अल्फा-कार्बनचे, म्हणजे त्याच्या मधल्या कार्बन अणूचे, सहनिर्देशक घ्यावेत. साखळीची टोके मोकळी असतात आणि गणिती गाठीला बंद वेटोळे लागते. म्हणून दोन्ही टोके बाहेरच्या मोठ्या गोलापर्यंत यादृच्छिक दिशांनी वाढवून तिथे जोडावीत. हे निदान शंभरदा करून दर वेळी अलेक्झांडर बहुपदीची (गाठी ओळखायला वापरतात त्या बहुपदीची) −1 पाशी किंमत काढावी. चिन्ह सोडून ती गाठ नसल्यास 1, निरगाठीला 3 आणि चेतापेशींतील 223 अमिनो आम्लांच्या यूसीएच-एल1 या प्रथिनाच्या पाच छेदांच्या (म्हणजे पदर एकमेकांवरून पाच ठिकाणी जाणाऱ्या) गाठीला 7 येते. 5 आले तर थांबावे: चार छेदांची गाठ आणि पाच छेदांची एक गाठ, दोन्हींना 5 च येते. −2 पाशी त्या 11 आणि 31 अशा वेगळ्या होतात. गाठ डावी की उजवी, हे मात्र ही बहुपदी सांगत नाही.

सगळ्यात जास्त फसगत होते ती गहाळ तुकड्यांनी. प्रयोगात प्रथिनाच्या स्फटिकात न दिसलेला भाग रचनेच्या फाइलमध्ये नसतो, प्रोग्रॅम ती फट सरळ रेषेने सांधतो आणि रेषा दुसऱ्या पदरातून आरपार गेली की खोटी गाठ तयार होते. लागोपाठच्या अल्फा-कार्बनांत सुमारे 3.8 अँगस्ट्रॉम अंतर असते. बरेच जास्त दिसले तर तिथे फट आहे. सुरगाठ, म्हणजे टोक ओढताच सुटणारी गाठ, तर पूर्ण साखळी तपासून सापडतच नाही. ई. कोलाय या जिवाणूच्या अल्कलाइन फॉस्फेटेज या विकरात ती आहे. टोकाकडून एकेक अमिनो आम्ल कमी करत गेले, की ती उघड होते.

आपल्याला विनंती एवढीच: प्रथिनाचे चित्र छापताना ती रचना प्रयोगातून मिळाली की संगणकाचे भाकीत आहे, हे चित्राखाली लिहावे.

— जैवमाहितीशास्त्राचे अध्यापक, पुणे