आबा, तुम्ही आधी पोरीचं माप घेतलंत

आदरणीय आबांना,
दोंडाईच्याहून सप्रेम नमस्कार.

हे पत्र मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. आपल्या खान्देशात पोराला धनुर्विद्या शिकवायची म्हटली की आईबापाचा पहिला प्रश्न असतो, "कुठलं धनुष्य घेऊ?" माझाही तोच होता. तुम्ही तो ज्या रीतीने सोडवलात, त्याबद्दल आभार मानायचे आहेतच. पण ती रीत चार घरांत पोचावी असंही फार वाटतं.

लेक आठ वर्षांची. सारंगखेड्याच्या यात्रेतल्या खेळण्यातल्या धनुष्यावर तिचं भागेना. 2023 साली बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी जगज्जेती झाली; तो व्हिडिओ बघून बघून लेकीने हट्ट धरला, मला तिच्यासारखं चाकांचंच धनुष्य (कंपाऊंड, टोकांना चाकं असलेलं) पाहिजे. घरातल्या मोठ्यांचं म्हणणं वेगळं. एकदाच काय ते दणकट घ्या, दहावीपर्यंत बघायला नको. गणवेश घेतो तसं, वाढत्या अंगाचं.

तुम्ही पोरांना धनुर्विद्या शिकवता, म्हणून दुकानात जाण्याआधी तुमच्याकडे शहाद्याला आलो. तुम्ही म्हणालात, "धनुष्य मंग, आधी पोर." आणि शिंप्याची टेप काढलीत. लेकीला भिंतीला पाठ लावून उभं केलं, दोन्ही हात पसरायला लावले, या बोटाच्या टोकापासून त्या बोटाच्या टोकापर्यंत मोजलं. 50 इंच. त्याला अडीचने भागलं की ओढ निघते, म्हणजे दोरी किती मागे येईल ते. तिची 20 इंच. धनुष्यावर छापलेलं वजन बहुतेक वेळा 28 इंचांच्या ओढीवर मोजलेलं असतं, त्यामुळे लहान पोराच्या हाताला ते कमी लागतं, हे मला तिथे कळलं. तुम्ही मात्र आकडेमोडीवर थांबला नाहीत. स्प्रिंगचा काटा आणलात, त्याचा हुक धनुष्याच्या दोरीत अडकवलात आणि तिच्या ओढीएवढीच दोरी मागे खेचलीत. साडेचार किलो. म्हणजे तिच्या बोटांवर येणारं खरं वजन 10 पौंड.

मग डोळा. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये छोटी खिडकी करायची, त्यातून पाण्याच्या टाकीवरचा आकडा बघायचा आणि एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याने आकडा खिडकीतच राहतो, तो नेमाचा डोळा. लेक लिहिते-जेवते उजव्या हाताने, पण डोळा निघाला डावा! आम्ही दुकानातून सरळ उजव्या हाताचं धनुष्य उचललं असतं, कुणी विचारलंही नसतं. तुम्ही घाई केली नाहीत. तुमचं बांबूचं साधं धनुष्य दिलंत. त्याला बाणासाठी एका बाजूला खाच कापलेली नसते, दोन्ही हातांनी चालतं. सातपुड्यातल्या तीरकमठ्याबद्दलही तुम्ही लेकीला सांगितलंत, त्याची दोरीसुद्धा बांबूच्याच सालपटाची असते, तेव्हा ती एवढी रमली की चाकांचा विषय तेवढ्यापुरता मागे पडला. महिनाभर दोन्ही बाजूंनी खेळू दिलंत. डाव्या हाताने ओढताना तिची मान वाकडी होत नाही हे तुम्ही मला बोट दाखवून दाखवलंत. मग ठरलं, धनुष्य उजव्या हातात, दोरी डाव्या.

आबा, मला सगळ्यात जास्त आठवतं ते वजनाचं. तुमच्याकडचं एक जरा जड धनुष्य तिला ओढून धरायला सांगितलंत आणि मोठ्याने दहापर्यंत मोजायला लागलात. चारावरच तिचे खांदे कानाला लागले, कंबर मागे झुकली, बाणाचं टोक थरथरायला लागलं. हलकं दिलंत, तर दहा होईपर्यंत खांदे खाली आणि चेहरा शांत. तुम्ही आम्हाला समजावलंत की जड धनुष्य पोराला ताकद देत नाही, ते त्याला अंग चोरून ओढायला शिकवतं. ती खोड नंतर सुटता सुटत नाही, आणि कोवळा खांदा दुखावतो तो वेगळाच. हे ऐकून लेकीच्या आजोबांनी "दणकट" हा शब्द परत काढला नाही.

शेवटी 48 इंचांचं रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेलं धनुष्य घेतलं; त्याची पाती, म्हणजे वरचा-खालचा वाकणारा भाग, सुटी होतात. ताकद वाढली की मधला दांडा तोच ठेवून फक्त पाती बदलायची. आजोबांच्या मनातलं "एकदाच घ्या" त्यातून बरंचसं साधलं. बाण 24 इंचांचे, ओढीपेक्षा चांगले लांब. बाण आखूड असेल तर तो ओढताना टेकणावरून मागे घसरतो आणि सुटला तर धनुष्य धरलेल्या हातात घुसतो. दुकानदार बाणांचा जुडगा बांधून देताना हे सांगत नाही.

चाकांच्या धनुष्याबद्दल तुम्ही तिला उडवून लावलं नाहीत, याचे वेगळे आभार. ते मुळात हाताला जड असतं, आधी अंगाला सरळ उभं राहण्याची सवय लागू दे, मग तेही शीक, असं तिच्याशी मोठ्या माणसाशी बोलावं तसं बोललात. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये त्या धनुष्याची मिश्र सांघिक स्पर्धा पहिल्यांदा होणार आहे, हेही तुम्हीच तिला सांगितलंत. ते साल तिने कपाटाच्या दाराला चिकटवली आहे.

तुमचे नियम घरात पाळतो. बाण न लावता दोरी सोडायची नाही, कारण बाणात जायचा सगळा जोर पात्यांत शिरतो आणि ती तडकतात. खेळ झाला की दोरी उतरवायची. मे महिन्यात धनुष्य पत्र्याच्या खोलीत किंवा गाडीत ठेवायचं नाही. आपल्याकडच्या उन्हात पात्यांचे चिकटवलेले थर सुटायला वेळ लागत नाही. निशाण म्हणजे चिंध्या ठासून भरलेलं बारदान, मागे भिंत, अंतर सहा पावलं. शिट्टी माझ्याकडे: दोन शिट्ट्या झाल्या की रेषेवर यायचं, एक झाली की बाण सोडायचा, तीन झाल्या की बाण आणायचे. पाच शिट्ट्या वाजल्या की जिथे असेल तिथे थांबायचं. गल्लीतली पोरंही आता ही शिट्टी ओळखतात.

तुम्ही एक पैसा घेतला नाहीत आणि त्यावर बोलूही दिलं नाहीत. तुमचं बांबूचं धनुष्य अजून आमच्याकडेच आहे. पुढच्या रविवारी घेऊन येतो. तुमच्याकडे नवीन येणाऱ्या पोरांना ते लागेल, आणि लेकीचे खांदेही तुम्ही एकदा बघून घ्या. पाती बदलायची वेळ आली का, हे तुम्हीच सांगा.

तुमची,
लेकीची आई
दोंडाईचा