किनाऱ्यावरच ठरवून दिलंत, काका

ती. काका,
सा. न. वि. वि.

नाव छापलेलं तुम्हाला खपणार नाही, म्हणून ते लिहीत नाही. पत्र मात्र मुद्दाम उघडं लिहितेय. फ्लोरिडात जाऊन फ्लायवर, म्हणजे पिसं-दोऱ्यांनी गळावर बांधलेल्या नकली भक्ष्यावर, टार्पन हा मोठा समुद्री मासा गरवायचाय असं म्हणणारं कुणी ना कुणी अधूनमधून भेटतं, आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न ‘रॉड कुठला घेऊ?’ हाच असतो. माझाही तोच होता. तुम्ही त्याला उत्तरच दिलं नाहीत. उलट विचारलंत, ‘समोरून वारा असताना पन्नास फुटांवर लाइन टाकता येते का?’ मी पश्चिम नॉर्थ कॅरोलायनाच्या ओढ्यांत ट्राउट या गोड्या पाण्यातल्या माशाच्या मागे फिरणारी, हातात पाच नंबरचा नाजूक रॉड (नंबर वाढतो तसा रॉड दणकट). ‘येत नाही’ म्हटल्यावर तुम्ही म्हणालात, ‘मग यंदा नको, पुढच्या मे महिन्यात जा. गाइड आत्ताच बुक कर.’

तेव्हा जरा राग आला होता, खरं सांगते. पण भरतीचा मेळ असलेले मे-जूनमधले आठवडे चांगल्या गाइडांकडे वर्षभर आधीच भरलेले असतात, जुनी गिऱ्हाइकं तेच दिवस दरसाल धरून ठेवतात, हे फोन फिरवायला लागल्यावर कळलं. म्हणजे थांबणं तसंही भाग होतं. तुमच्यामुळे ते सत्कारणी लागलं.

जागा निवडताना तुम्ही एकेक नाव खोडत गेलात, ते मला फार आवडलं. बोका ग्रांडेच्या खाडीत टार्पन गोळा होतात खरे, पण तिथल्या खोल पाण्यातला कारभार मुख्यतः जिवंत खेकडा लावून चालतो. होमोसासाला राक्षसी मासे. २००१ मध्ये २० पौंडी टिपेटवर, म्हणजे २० पौंडांच्या ताणाला तुटणाऱ्या फ्लायकडच्या बारीक दोऱ्यावर, २०२.५ पौंडांचा टार्पन फ्लायवर निघाला तो तिथलाच. पण पहिल्या खेपेला ते पाणी निवडणं म्हणजे हट्ट, असं तुमचं मत. मेक्सिकोतलं कांपेचे तुम्ही अर्धवट सुचवलंत. तिथे खारफुटीत लहान टार्पन असतात, आठ नंबरचा रॉड पुरतो, शिकायला उत्तम. शेवटी फ्लोरिडा कीज या बेटांच्या माळेतलं इस्लामोराडा ठरलं. मायामीला उतरून गाडीने दोनेक तासांत पोचता येतं, वसंतात मोठे मासे समुद्राच्या बाजूने कीजच्या बेटांना धरून वाटचाल करतात, आणि उथळ पाण्यात ते डोळ्यांनी दिसतात. तुमचं म्हणणं, ‘दिसलेला मासा चुकला तरी शिकवून जातो. न दिसलेला काय शिकवणार?’

मग तारखा. इथे तुमच्यातला जुना बोटीवरचा इंजिनीयर जागा झाला. माझ्या रत्नागिरीच्या आजोबांचा हिशेब मी तुम्हाला ऐकवला होता, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. तुम्ही मनापासून हसलात आणि सांगितलंत की हे गणित तिथेच ठेव. कीजमध्ये समुद्राच्या बाजूची भरती आणि मागच्या उथळ फ्लोरिडा बे या उपसागराच्या बाजूची भरती यांत कित्येक तासांचं अंतर पडतं, आणि बेच्या आत तर पाणी हललेलं कळतही नाही. भरतीची उंची जेमतेम दोन-अडीच फूट, आपल्याकडच्या उधाणापुढे काहीच नाही. पण त्या दोन फुटांवरच माशांचं येणं-जाणं ठरतं. नोआ या अमेरिकेच्या हवामान-समुद्राच्या सरकारी खात्याच्या तक्त्यात पुलापुलाची वेळ वेगळी दिलेली असते आणि ज्या पुलाजवळ जायचं त्याचीच बघायची, हे तुम्ही शिकवलंत. मग उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) दोन्हींचे आठवडे काढून गाइडपुढे ठेवायला लावलेत. ‘तारीख तू सांगू नकोस, त्याला निवडू दे,’ हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं होतं. गाइडला त्याचंच अप्रूप वाटलं. बहुतेक लोक सुट्टीची तारीख सांगून मासा मागतात म्हणे.

पालोलो किड्यांचं तुम्ही सांगितलंत ते तर मला आधी थापच वाटली. मे-जूनमध्ये पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास संध्याकाळच्या ओहोटीला तळातून बोटभर लांबीचे लालसर किडे निघतात, पुलांखालून समुद्राकडे वाहत जातात, आणि शंभर पौंडांचे टार्पन बाकी सगळं सोडून तेवढेच टिपत सुटतात. त्यासाठी तुम्ही लाल-तपकिरी, अगदी छोट्या फ्लाय बांधून पाठवल्यात. त्या पाकिटावर १९९१ चं २९ सेंटचं जुनं तिकीट लावलं होतंत, ज्यावर नामांकित टार्पन-गाइड स्टू ॲप्टचा केशरी-पिवळा टार्पन फ्लाय आहे. पाकीट मी टाकलेलं नाही. किडे आमच्या वाट्याला आले नाहीत. तुम्ही म्हणालाच होतात, त्यांच्यावर बेत आखायचा नाही, दिसले तर बोनस.

सरावाबद्दल लिहिलं नाही तर हे पत्र अपुरं राहील. घराजवळच्या मैदानात, जिथे रविवारी देशी मुलं क्रिकेट खेळतात, तिथे मी अकरा नंबरचा रॉड घेऊन उभी. फ्लाय डाव्या हातात धरलेला, वीसेक फूट लाइन टोकाबाहेर, बाकीची पायाशी. आणि फोनच्या स्पीकरवर तुम्ही: ‘दहा वाजता, पन्नास फूट, डावीकडून उजवीकडे!’ बोटीचं नाक म्हणजे बारा, हे मी मुलांनाही समजावलं. मग तीच ओरडायला लागली, ‘आंटी, टू ओ’क्लॉक!’ दोन हेलकाव्यांत लाइन गेलीच पाहिजे, तिसरा घेतलास तर मासा पुढे गेला, असा तुमचा दंडक. वारा नसेल त्या दिवशी तुम्ही सरावच करू देत नव्हतात.

फ्लाय माशाच्या पुढे टाकायचा आणि त्याच्यापासून लांब पळवायचा, कारण कुठलाही खेकडा किंवा कोळंबी टार्पनच्या अंगावर चाल करून जात नाही. हे ऐकायला साधं आहे. करायला नाही. तसंच गळ बसवण्याचं. ट्राउटवाल्यांचा हात वर जातो. टार्पनचं तोंड आतून हाडासारखं कडक, तिथे रॉड उचलून काही होत नाही. रॉड माशाकडे रोखलेला ठेवून डाव्या हाताने लाइन मागे खेचायची, ती जड लागेपर्यंत. आणि त्याने उडी मारली की पुढे झुकून लाइन ढिली द्यायची. इंग्रजीत त्याला राजापुढे वाकणं म्हणतात. ‘आपल्याकडे मुजरा असतो तसा,’ तुम्ही म्हणालात, आणि त्यानंतर फोनवर ‘मुजरा!’ एवढाच हुकूम येऊ लागला.

पैशाचंही तुम्ही स्पष्ट बोललात, आपल्याकडे हे कुणी बोलत नाही. दिवसाची बोट सातशे-आठशे डॉलरच्या खाली सहसा मिळत नाही, वर पंधरा-वीस टक्के टिप धरायचीच, मासा मिळो न मिळो. म्हणून मैत्रिणीला सोबत घ्यायला लावलंत, आळीपाळीने पुढे उभं राहायचं. खर्चाचा क्रम तुमचा असा: आधी चांगला पोलराइज्ड चष्मा, तांबूस भिंगांचा, मग रेन जॅकेट, मग बाकीचं. रॉड तर तुम्ही तुमचाच पाठवलात. लीडर, म्हणजे लाइन आणि फ्लायमधला दोरा, गाइड बांधून ठेवतो, लायसन्सही त्याच्या परवान्यात येतं, त्यावर डॉलर घालवू नकोस. इंटरनेटवरच्या याद्यांत नेमकं उलटं असतं, सत्तर टक्के मजकूर फ्लायच्या डब्यावर.

आता ज्यासाठी मी खरं लिहायला बसले ते.

निघायच्या आदल्या आठवड्यात तुम्ही फोन करून म्हणालात की दोन गोष्टी आत्ता ठरव, बोटीत गेल्यावर ठरवता येत नाहीत. पहिली, फोटो. फ्लोरिडात टार्पन पकडून सोडूनच द्यायचा असतो, आणि चाळीस इंचांहून लांब मासा पाण्याबाहेर काढायलाही बंदी आहे. तेव्हा मांडीवर मासा घेतलेला फोटो डोक्यातून काढून टाक. दुसरी, शार्क. हॅमरहेड थकलेल्या टार्पनच्या मागे येतो. तो दिसला की गाइड ‘तोड’ म्हणेल, म्हणजे दोरा तोडून मासा सोडून द्यायचा. त्या क्षणी माणूस म्हणतो, अजून दोन मिनिटं. ‘तू म्हणणार नाहीस, हे मला आज सांग.’ मी हो म्हटलं. फोनवर हो म्हणायला काय जातं, असंही मनात आलं.

झालं नेमकं तेच. पाणी सकाळी तव्यासारखं सपाट होतं, मग आग्नेयेकडून वारा उठला. माशांची रांग आली, गाइड मागच्या मचाणावरून बोट ढकलायचा लांब पुश पोल रेटत होता, ‘अकरा वाजता, साठ फूट.’ फ्लाय पडला, दोनदा ओढला, आणि तोंड उघडलेलं मला दिसलं. मी खेचलं. मग ती उडी. चांदीचे खवले, कल्ल्यांचा खडखडाट, मागे मैत्रीण किंचाळतेय, ‘मुजरा! मुजरा!’ मी वाकले. तो टिकला. बाजूने दाब देत, डोकं एकदा डावीकडे एकदा उजवीकडे वळवत, तुम्ही सांगितलंत तसं मी त्याला लवकर आणायला बघत होते. तो वर येऊन हवा घ्यायचा आणि पुन्हा ताजा व्हायचा. टार्पन पोहण्याच्या पिशवीतून हवाही घेऊ शकतो, हे वाचलेलं होतं. हाताला ते वेगळंच कळतं.

बोटीपासून शंभरेक फुटांवर असताना गाइडचा आवाज बदलला. तपकिरी सावली, बोटीएवढी नसेल पण मला तेवढीच वाटली. तो ‘ब्रेक इट’ म्हणाला तेव्हा माझा हात आधीच रीलवर घट्ट बसला होता. रॉड सरळ माशाकडे रोखला, २० पौंडी टिपेट तटकन तुटलं. टार्पन सुटला तसा गेला तो गेलाच. सावली थोडा वेळ गोल फिरली आणि खोल पाण्याकडे वळली. मासा वाचला असं छातीठोक सांगता येणार नाही, पण पाण्यात रक्त दिसलं नाही. गाइड मचाणावरून खाली उतरला, माझा हात हातात घेतला आणि म्हणाला की मोठमोठे अनुभवी लोक इथे त्याच्याशी भांडतात.

त्या ‘हो’साठी आभार, काका. वेळापत्रक, लाइन, रॉड यांचे आभार मी फोनवर मानले असते. पण मोहाच्या वेळी काय करायचं हे माझ्याकडून आधी वदवून घेणारं दुसरं कुणी मला भेटलं नसतं.

रत्नागिरीला आईला सांगितलं तर ती म्हणाली, ‘एवढे पैसे घालवून तिकडे गेलीस, आणि धरलेला मासा सोडून आलीस?’ तिला टार्पन काट्यांनी भरलेला असतो आणि फ्लोरिडात तो कुणी सहसा खात नाही, असं सांगून बघितलं. ‘मग धरायचाच कशाला?’ ह्याला माझ्याकडे उत्तर नाही. तुम्हीच एकदा फोन करा तिला.

परतताना रॉबीजच्या धक्क्यावर थांबलो. तिथे पर्यटक बादलीतले छोटे मासे टार्पनना हाताने भरवतात. मैत्रिणीने भरवलं, मी नाही. का ते सांगता येणार नाही, पण तुम्हाला कळेल असं वाटतं.

रॉड पुढच्या सोमवारी कुरियरने निघेल, नळीत कापड गुंडाळून. टोकाच्या कडीला हलका चरा पडलाय, तो पूर्वीचा की आत्ताचा ते बघून सांगा. आत्ताचा असेल तर कडी बदलून घेते. बॅकिंग, म्हणजे लाइनमागचा राखीव दोरा, गोड्या पाण्याने धुऊन वाळवून परत भरलंय. पुढच्या मे महिन्याचं बुकिंग झालंय, भांगाच्या आठवड्यातलं, गाइडने निवडलेलं. बोटीत उभं राहणं तुमच्या गुडघ्याला झेपणार नाही हे माहीत आहे. पण संध्याकाळी पुलावर खुर्ची टाकून बसता येतं, आणि किडे आलेच तर तिथून दिसतात. गाडीत एक जागा ठेवतेय. काकूंना विचारून कळवा.

कळावे, लोभ असावा,
तुमची ‘दहा वाजता’वाली

ता. क. तुमच्या छोट्या लाल फ्लायपैकी दोन मैत्रिणीने परत दिल्या नाहीत. वसुली तुम्हीच करा.