समान शत्रू, पण किती दिवस?

महोदय,

समान शत्रू समोर आला की महासत्ता आपसातले वैर विसरतात, असे प्रत्येक मोठ्या दहशतवादी हल्ल्यानंतर ऐकू येते. मला हे पटत नाही.

११ सप्टेंबर २००१ नंतर पुतिन यांनी बुश यांना तातडीने फोन केला. अफगाणिस्तानातल्या मोहिमेसाठी उझबेकिस्तानात कार्शी-खानाबाद आणि किर्गिझस्तानात मनास येथे अमेरिकेचे हवाई तळ उभे राहिले. रशियाच्या अगदी अंगणात! तरी मॉस्कोने ते चालवून घेतले. त्याच डिसेंबरात अमेरिकेने रशियाबरोबरच्या, क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणांवर मर्यादा घालणाऱ्या (एबीएम) करारातून बाहेर पडत असल्याचे जाहीर केले. अफगाणिस्तानासाठी आलेले सैन्य परत जाणार कधी, हा प्रश्न मग चीनलाही सतावू लागला. जुलै २००५ मध्ये चीन आणि रशिया सदस्य असलेल्या शांघाय सहकार्य संघटनेने कझाकस्तानातील अस्ताना येथे तळ हलवण्याची मुदत मागितली आणि त्याच वर्षी कार्शी-खानाबाद रिकामा झाला. ज्या मोहिमेने जवळीक आणली, तिच्याच तळांनी संशय वाढवला.

दहशतवादी कोण, यावरही एकमत टिकत नाही. चीनच्या शिनजियांग प्रांताशी निगडित आणि चीन दहशतवादी मानतो ती 'पूर्व तुर्कस्तान इस्लामिक चळवळ' अमेरिकेने २००२ मध्ये दहशतवादी ठरवली आणि २०२० मध्ये यादीतून वगळली. जैश-ए-मोहम्मदचा म्होरक्या मसूद अझहरचे नाव संयुक्त राष्ट्रांच्या यादीत येऊ नये म्हणून चीनने वर्षानुवर्षे आडकाठी केली. ते १ मे २०१९ रोजी आले.

मला खरी चीड येते ती मार्च २०२४ मधल्या घटनेची. मॉस्कोत मैफलींवर हल्ला होऊ शकतो, असा इशारा अमेरिकी दूतावासाने ७ मार्चला उघडपणे दिला होता. रशियन यंत्रणांनाही तो कळवल्याचे अमेरिकेने सांगितले. १९ मार्चला पुतिन यांनी अशा इशाऱ्यांना चक्क 'ब्लॅकमेल' म्हटले. तीनच दिवसांनी मॉस्कोलगतच्या क्रोकस सिटी हॉल या मैफलीच्या सभागृहात १४० हून अधिक माणसे मारली गेली. इशाऱ्यावर पूर्ण विश्वास बसला असता, तर हल्ला टळलाच असता असे मी म्हणणार नाही. पण युक्रेन युद्धाने दोन्ही देशांतला विश्वास इतका आटला होता, की सावधगिरीची सूचनाही डाव वाटली.

हे अटळ नव्हते. डिसेंबर २०१७ मध्ये, क्रिमिया आणि निर्बंधांवरून संबंध पुरते बिघडलेले असतानाही, सीआयएच्या माहितीवरून सेंट पीटर्सबर्गमधला कट उधळला गेला आणि पुतिन यांनी ट्रम्प यांना फोन करून आभार मानले. म्हणून संयुक्त मोहिमांच्या मोठमोठ्या घोषणांपेक्षा मला एवढेच हवे आहे: जीव वाचवणारी माहिती देण्या-घेण्याची ही वाट निर्बंध आणि राजनैतिक हकालपट्ट्यांपासून वेगळी ठेवावी, आणि संबंध बरे असतानाच तसे ठरवून घ्यावे.

आपला,
एक नियमित वाचक