आई-बाबा, मी गाडीवरच राहायचं ठरवलंय

प्रिय आई, बाबा,

हे फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी "बरं" एवढंच म्हणून फोन आईकडे दिला असता, आई रडली असती आणि मग मीही. म्हणून लिहितेय.

आधी ठरलंय ते सांगून टाकते. ट्रेनिंग सेंटरमधली ती दिवसपाळीची जागा मी घेतली नाही. तसं काल कळवूनही टाकलं. मी ॲम्ब्युलन्सवरच राहणार आहे. रागावा, पण आधी शेवटपर्यंत वाचा.

तुमचं म्हणणं मला पाठ आहे. रात्रपाळी, पाठीचं दुखणं, कुणाकुणाच्या घरात अवेळी शिरणं, आणि एवढं शिकून "गाडीवर" कशाला. सगळं खरं आहे. ती जागा घेतली असती तर दर रविवारी तुमच्याकडे आले असते, हेही खरं आहे, आणि तेच मला सगळ्यात जास्त लागतंय. नाही म्हणायला मला बारा दिवस लागले.

मागच्या आठवड्यातला एक कॉल सांगते. नाव-पत्ता आम्ही सांगत नाही. एकटे राहणारे आजोबा रात्री बाथरूमपाशी पडले, ते सकाळपर्यंत फरशीवर. आम्ही आत शिरलो तर पहिलं वाक्य, "माफ करा हं, तुम्हाला उगाच त्रास दिला." बाबा, अगदी तुमचा सूर. मी त्यांच्याशेजारी फरशीवरच बसले. अशा माणसाला लगेच धरून उठवायचं नसतं. एक पाय आखूड दिसतोय का, पाऊल बाहेर वळलंय का, ते आधी बघायचं, खुब्याचं हाड मोडलं की बऱ्याचदा तसं दिसतं. किती वेळ पडून होते ते विचारायचं. तासन्‌तास एकाच अंगावर पडून राहिलं की दाबाखालचे स्नायू मरायला लागतात, त्यातून रक्तात जे उतरतं ते किडनीला झेपत नाही, लघवी गडद तपकिरी होते. अंग गार पडलेलं असतं. त्यांना पांघरूण घातलं, मग शुगर, बीपी, ईसीजी. पडल्याचं तर दिसतच होतं, पण का पडले ते शोधायचं असतं.

मी हे करत होते तोवर पार्टनर घर बघत होता. ते आमचं कामच आहे. गोळ्यांच्या पट्ट्या जवळजवळ भरलेल्या. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. फोन उंच कपाटावर, पडल्या माणसाचा हात पोचणारच नाही असा. हे सगळं आम्ही पेशंट हॉस्पिटलच्या ताब्यात देताना सांगितलं, लिहूनही दिलं, आणि तिथल्या समाजसेवा विभागाला कळवलं. खुबा दुरुस्त करून त्यांना परत त्याच फरशीवर एकटं सोडायचं असेल तर आमची सगळी धावपळ वाया. निघताना त्यांचा चष्मा आणि कानाचं मशीन मी आठवणीने पिशवीत टाकलं. म्हाताऱ्या माणसाला परक्या खोलीत धड दिसलं नाही, ऐकू आलं नाही की तो भांबावतो, आणि मग लोक समजतात याचं डोकं फिरलंय.

त्यांना खुर्चीवरून जिन्याने खाली आणताना मला आजीची ती रात्र आठवली. कडी आतून होती, हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको.

बाबा, अशी माणसं स्वतःहून मदत मागत नाहीत. डिमेन्शिया झालेली बाई "दुखतंय" म्हणत नाही. ती कपाळाला आठ्या घालते, कण्हते, हात लावला की तुमचा हात झटकते. ते वाचावं लागतं. आम्ही तिच्याशीच बोलतो, मुलगा शेजारी उभा असला तरी. एका वेळी एकच प्रश्न, आणि उत्तराची वाट बघायची. सायरनला घाबरणारं लेकरू असेल तर तो बंद ठेवायचा. एखाद्या बाईच्या अंगावर जुने-नवे वळ एकत्र दिसले, आणि घरातलं कुणीतरी तिला बोलूच देत नसेल, तर गाडीत तिला एकटीला घेऊन हळूच विचारायचं. आणि कुणी पूर्ण शुद्धीत, सगळं समजून "मला यायचं नाही" म्हणालं, तर त्याला ओढून नेता येत नाही. मला हे फार जड जातं. पण तो त्याचा हक्क आहे.

"ड्रायव्हरचं काम" असं बाबा एकदा बोलून गेले होते. मनात धरलेलं नाही. पण बाबा, अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये 1967 साली फ्रीडम हाउस नावाची ॲम्ब्युलन्स सेवा निघाली. त्याआधी तिथे आजारी माणसाला पोलिसांच्या व्हॅनमध्ये घालून न्यायचे, वाटेत उपचार नाहीत. हिल डिस्ट्रिक्ट या गरीब कृष्णवर्णीय वस्तीतली, ज्यांना कुणी नोकरी देत नव्हतं अशी माणसं डॉ. पीटर सफार यांनी शिकवून तयार केली. आज मी जे करते त्याची सुरुवात ज्या थोड्या ठिकाणी झाली त्यातलं ते एक. जिथे कुणी जात नव्हतं तिथलीच माणसं, तिथल्याच माणसांसाठी. ती सेवा 1975 मध्ये बंद पडली, पण त्यांनी घालून दिलेली पद्धत पुढे सगळीकडे गेली. मला यात कमीपणा कुठेच दिसत नाही.

आता माझी काळजी नको. रात्रपाळीनंतर जाड पडदे ओढून सात तास झोपते. जिन्यासाठी आता पट्ट्यांवर घसरत उतरणारी खुर्ची मिळाली आहे, पूर्वीसारखं उचलावं लागत नाही. डबा वेळेवर खाते. आईने दिलेली शाल गाडीत असते.

परवा एक पोर हात मोडून बसलं होतं, कुणालाच जवळ येऊ देईना. स्प्लिंट बांधण्याआधी मी नुसती फुंकर घातली. आई, तू गुडघ्याला घालायचीस तशी. ते गप्प झालं, माझ्याकडे बघत राहिलं. मला मात्र बाबांच्या खांद्यावर तापाने डोकं टाकून पडलेली मीच दिसले.

म्हणून आता माझं ऐकायचं, दोघांनीही. बाबा, तुम्ही रक्त पातळ करणारी गोळी घेता. डोकं जरासं जरी आपटलं तरी हॉस्पिटल, टेंगूळ असो वा नसो. आत होणारा रक्तस्राव कधीकधी तासांनी, दिवसांनी कळतो. आणि मधुमेहात हार्ट अटॅक छातीत न दुखताही येतो. नुसता दम लागला, घाम फुटला, एकदम गळून गेल्यासारखं झालं तरी फोन करायचा. "गॅस असेल" हे वाक्य मला ऐकायचं नाही. शुगर 70 च्या खाली आली आणि गिळता येत असेल तर लगेच ग्लुकोज. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, आई, पाणीसुद्धा नाही.

आई, पलंगावरून ताडकन उठायचं नाही. बीपीच्या गोळ्यांवर असताना उभं राहिलं की बीपी एकदम पडू शकतं. आधी पाय खाली सोडून मिनिटभर बस. तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं, यातलं काहीही दिसलं तर घड्याळ बघ, आणि माणूस शेवटचा ठीक कधी होता ते लक्षात ठेव. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, पेशंट घेताना आम्ही पहिली तीच वेळ विचारतो. थोड्या वेळाने बरं वाटलं तरी फोन करायचाच. आधी मला नको. आधी ॲम्ब्युलन्सला, मग मला.

गोळ्यांची यादी दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा, मोठ्या अक्षरात. एक किल्ली शेजारी. फोन उशाशी, कपाटावर नाही. हे सगळं मी दमदाटी करून सांगतेय असं वाटलं तर वाटू दे, पण करा. तुमच्याकडे कुणी माझ्यासारखीच येऊन गुडघे टेकून बसेल, तेव्हा तिला दार उघडता यायला हवं.

महिनाअखेरीला चार दिवस येतेय, रजा मंजूर झाली आहे. बाथरूममध्ये धरायला दांडे बसवायचे आहेत आणि आतली कडी काढायची आहे. बाबा, तेवढा स्क्रू ड्रायव्हर शोधून ठेवा.

तुमची,
छकुली