लीनतेचा उपदेश नेमका कोणाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वृत्तपत्रांच्या चिंतनपर सदरांत आणि रविवारच्या प्रवचनांत लीनता व सहनशीलता या ख्रिस्ती गुणांविषयी पुष्कळ सांगितले जाते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र हा उपदेश बहुधा ज्याच्या हाती काही नाही त्यालाच केला जातो, याकडे आपल्या वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. घरातल्या बाईने सोसावे, धाकट्याने ऐकून घ्यावे, नोकराने उलट बोलू नये आणि आजाऱ्याने कुरकुर करू नये, एवढ्यावरच आपली शिकवण थांबते. दासांनी सोसावे असे बायबलमधील पेत्राच्या पहिल्या पत्रात लिहिले आहे, हे मी नाकारत नाही. पण त्याच पत्राच्या पाचव्या अध्यायात मंडळीच्या वडिलांना, म्हणजे चर्चच्या पुढाऱ्यांना, कळपावर धनीपण गाजवू नका, असे स्पष्ट बजावले आहे, आणि ते वचन आपण त्या मानाने फार क्वचित ऐकतो.

योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय सावकाश वाचून पाहावा. पित्याने सर्व काही आपल्या हाती दिले आहे हे येशूला ठाऊक होते, असे योहान आधी नोंदवतो आणि मगच सांगतो की तो भोजनावरून उठला, त्याने बाह्यवस्त्रे उतरवली, कमरेला रुमाल बांधला, भांड्यात पाणी ओतले आणि शिष्यांचे पाय धुऊ लागला. त्या शिष्यांत त्याला धरून देणारा यहूदाही होता. तो उठून बाहेर गेला तो नंतर. सर्वाधिकार हाती असताना वाकणे ही ख्रिस्ताची लीनता आहे. दुसरा इलाज नाही म्हणून मान खाली घालणे ही निराळी गोष्ट, आणि तिला सद्गुणाचे नाव देऊन आपण वाकवणाऱ्याची सोय करून देतो.

ख्रिस्ताच्या लीनतेचे सर्वांत परिचित वर्णन प्रेषित पौलाने फिलिप्पै शहरातील मंडळीला लिहिलेल्या पत्रात आहे. त्याच फिलिप्पैत पूर्वी चौकशीविना फटके मारून पौलाला तुरुंगात टाकण्यात आले होते. दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांनी गुपचूप सुटकेचा निरोप धाडला, तेव्हा आम्ही रोमी नागरिक आहोत, त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावे, असे त्याने ठणकावून सांगितले. महायाजकापुढे चपराक बसल्यावर खुद्द येशूनेही, मी वाईट बोललो असेन तर ते दाखवून दे, योग्य बोललो असेन तर मला का मारतोस, असा शिपायाला जाब विचारला. सहनशीलता म्हणजे अन्यायाला मूक संमती, हा अर्थ या प्रसंगांतून कसा काढता येईल, हे मला कळत नाही.

मग रोजच्या जीवनात हे गुण पाळायचे कसे? माझ्या मते जिथे आपला वरचष्मा असतो तिथे. मंडळीच्या बैठकीत सर्वांत तरुण सभासद अडखळत आपले म्हणणे मांडत असतो आणि अध्यक्ष घड्याळ पाहतात, शेजारच्याशी कुजबुजतात, मोबाईल चाळतात. त्या पाच मिनिटांत मोबाईल पालथा ठेवून त्याचे वाक्य पूर्ण होऊ देणे, ही लीनतेची खरी परीक्षा. ‘मी तर प्रभूचा पामर सेवक’ असे म्हणणे सोपे असते. (आभारप्रदर्शनात नाव राहून गेले की हाच पामर सेवक महिनाभर रुसलेला आपण सर्वांनीच पाहिला आहे.) तीच गोष्ट वृद्ध आईने एकच हकिकत पुन्हा सांगायला घेतली की ‘हे मागेच सांगितलंस’ म्हणून तिला तोडणाऱ्या कर्त्या मुलाची.

फ्रान्समधील लिझ्यूच्या मठातील संत तेरेझा (१८७३-१८९७) यांनी आपला एक अनुभव लिहून ठेवला आहे. संध्याकाळच्या ध्यानाच्या वेळी मागे बसणारी एक भगिनी सतत बारीक आवाज करत असे. वळून एकदा रोखून पाहिले असते तर तो थांबला असता; पण तेरेझांनी तसे केले नाही, त्या घामाघूम होत बसून राहिल्या आणि तो आवाजच जणू एखादे सुरेल संगीत आहे असे मानून ऐकू लागल्या. २४ वर्षांच्या आयुष्यात त्यांनी कोणतेही दिपवणारे कार्य केले नव्हते, तरी कॅथलिक चर्चने १९९७ मध्ये त्यांना धर्माचार्य (चर्चची मान्यताप्राप्त गुरू) ही पदवी दिली. त्यांनी तो संयम स्वतःकडून मागितला, त्या भगिनीला मात्र उपदेश केला नाही, हे मला त्यात विशेष वाटते.

आजाऱ्याच्या भेटीला जाणाऱ्यांनीही बायबलमधील दुःखाने गांजलेल्या ईयोबाचे मित्र आठवावेत. ते सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले, तोवर त्यांचे काही चुकले नव्हते. बोलायला लागल्यावर बिघडले. ‘धीर धरा, प्रभूची इच्छा’ एवढे सांगून पाच मिनिटांत उठणारा पाहुणा आजाऱ्याकडे जो धीर मागतो, तो त्याच्या स्वतःकडे नसतो.

धर्मगुरू व पाळक यांना एक विनंती. सहनशीलतेवर बोलताना याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय हमखास घेतला जातो आणि वाचन पावसाची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्यापासून, म्हणजे सातव्या वचनापासून सुरू होते. ते चौथ्या वचनापासून सुरू करावे. तिथे शेत कापणाऱ्या मजुरांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे आणि त्या मजुरांचा आक्रोश सेनाधीश परमेश्वराच्या कानी गेला आहे, असे धनवानांना उद्देशून लिहिले आहे.

आपला,
एक ख्रिस्ती वाचक