चौकट कोणी काढली?

महोदय,

अपोलो १७ या चांद्रमोहिमेत काढलेल्या छायाचित्राबद्दल आपल्या सदरात आलेले पत्र वाचले. पृथ्वीभोवतीचा काळा भाग उजळला की चौकोनी ठिगळ दिसते, म्हणजे पृथ्वी तिथे नंतर चिकटवली, असा पत्रलेखकाचा दावा आहे. ठिगळ दिसते हे खरे. छापखान्याच्या स्कॅनिंग विभागात माझी हयात गेली. अशी ठिगळे मी पासपोर्ट फोटोंतही पाहिली आहेत.

जेपेग ही चित्राची फाइल लहान करण्याची पद्धत. ती चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे तुकडे पाडते, प्रत्येक तुकडा उजेड-अंधाराच्या लहरींची बेरीज म्हणून वेगळा मांडते आणि बारीक तपशील गाळून जागा वाचवते. नुसत्या काळ्या आकाशाचा तुकडा सपाट काळा होऊन बसतो. मात्र ज्या तुकड्यातून पृथ्वीची उजळ कड जाते, तिथे गाळणीतून उरलेल्या मोजक्या लहरींवरच ती कड उभी करावी लागते. मग त्या लहरींचे तरंग शेजारच्या काळ्यात पसरतात आणि तुकड्याची हद्द आली की तिथेच थांबतात. एरवी ते डोळ्याला जाणवत नाहीत. ब्राइटनेस ताणला की पायऱ्यापायऱ्यांची चौकट उमटते.

अपोलो १७ ची मोहीम डिसेंबर १९७२ ची. हॅसलब्लाड कॅमेरा, ७० मिलिमीटरची फिल्म. जेपेगचे मानक आले १९९२ मध्ये. फिल्मवर पिक्सेलच नसतात, तर आठाचे चौकोन कुठून येणार? ते आले पुढे कोणी तरी केलेल्या डिजिटल प्रतीतून. ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीने अपोलोच्या फिल्मचे उत्तम स्कॅन खुले केले आहेत. त्यातली टिफ, म्हणजे जेपेगसारखी गाळणी न लावलेली फाइल, उतरवून घ्या आणि हवे तेवढे उजळा.

‘मूळ चित्रात असे डाग असूच शकत नाहीत’ हेही सरसकट म्हणता येत नाही. गुरूकडे पाठवलेल्या गॅलिलिओ यानाचा मोठा अँटेना १९९१ मध्ये नीट उघडलाच नाही. गुरूहून छोट्या अँटेनावर माहिती अगदी मुंगीच्या पावलाने यायची, म्हणून यानावरच चित्रे दाबून पाठवली गेली, तीही ८ बाय ८ च्या तुकड्यांत. तिथे चौकोन पहिल्या प्रतीपासूनच आहेत.

जेपेगच्या खुणांवरून जोडकाम पकडता येते, ही पत्रलेखकाची मूळ कल्पना मात्र खुळचट नाही. चिकटवलेल्या भागातल्या ८ बाय ८ च्या चौकोनांची जाळी बाकीच्या चित्राच्या जाळीशी जुळत नसेल, तर संशयाला जागा आहे. पण त्यासाठी मूळ फाइल हाताशी लागते. दहा हातांतून फिरलेल्या, कापलेल्या, पुन्हा पुन्हा सेव्ह केलेल्या स्क्रीनशॉटवर जाळ्यांचा नुसता गुंता असतो. आणि जोडकाम म्हणजे लबाडी, असेही नाही. नासाचे २००२ चे ‘ब्लू मार्बल’ हे पृथ्वीचे चित्र टेरा उपग्रहाच्या अनेक महिन्यांच्या नोंदी जोडून केलेले आहे, आणि ते तसे सांगूनच प्रसिद्ध केले होते.

उलट बाजूने, ठिगळाचे कारण कळले म्हणून छायाचित्र अस्सल ठरले, असेही मी म्हणत नाही. त्याचे पुरावे वेगळे.

पत्रलेखकांना एकच विनंती. पुढच्या पत्रात छायाचित्राचा क्रमांक, फाइल कुठून घेतली आणि ठिगळाच्या चारही कडा डाव्या-वरच्या कोपऱ्यापासून किती पिक्सेलवर येतात, एवढे द्यावे. न कापलेल्या फाइलमध्ये ते आकडे ८ च्या पटीत निघाले, तर ती चौकट जेपेगची. नाही निघाले, तर फाइल मलाही पाहायची आहे.

– एक निवृत्त स्कॅनर ऑपरेटर